कन्नियम्माचं छप्पर

कौमुदी तासगावकर रेल्वेच्या नोकरीला मद्रासला आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मिरज स्टेशनवर गाडी सुटताना तिने खिडकीतून आईला सांगितलं होतं, "दोन वर्षं काढते आणि बदली मागून परत येते." त्या गोष्टीला आता तेहतीस वर्षं झाली होती. मद्रासचं चेन्नई झालं, बदलीचे सात अर्ज झाले, केसांना चांदी चढली, आणि भांडार विभागात भंगाराच्या फायली सांभाळता सांभाळता ती साध्या कारकुनाची मुख्य कारकून झाली. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आईला चेन्नईतच अयनावरमला आणलं, तिच्यासाठी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि इमारतीचं नाव 'श्रीनिधी फ्लॅट्स' आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "नाव तरी आपल्यातलं वाटतंय." पुढे आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून राहिली आणि गेली.

कौमुदीला आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून संताप यायचा, तो म्हणजे अर्धवट टाकलेल्या कामाचा. गळक्या नळाला चिंधी बांधून "उद्या येतो" म्हणणारा प्लंबर, फाईलवर 'चर्चा करावी' असं लिहून निवृत्त होणारे साहेब, खणून ठेवलेले आणि महिनोन्महिने तसेच पडलेले रस्ते. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी अर्ध्यावर सोडलेली कामं पुरी करण्यात गेलं होतं, असं तिचं स्वतःचं मत होतं. ऑफिसातल्या लोकांचं मत थोडं वेगळं होतं. ते म्हणत, मॅडमना कुणी काम पुरं करूच देत नाही, कारण मॅडम आधीच येऊन ते काढून घेतात.

तर या कौमुदीच्या इमारतीसमोर, कुंपणाच्या भिंतीला लागून, कन्नियम्माची इस्त्रीची गाडी वीस वर्षं उभी होती. चार चाकांची लाकडी गाडी, वर घोंगडीचे थर, आणि त्यावर कोळशाची पितळी इस्त्री. ती इस्त्री इतकी जड की कौमुदीला एका हाताने उचलता यायची नाही. गाडीवर करंजाच्या झाडाची सावली असायची. डिसेंबरातल्या वादळात ते झाड मुळासकट आडवं झालं. लोक आले, त्यांनी ते कापलं, ओंडके नेले, आणि बुंध्याचा खड्डा तसाच ठेवून गेले. पहिला संताप कौमुदीला त्या खड्ड्याचा आला. सावलीचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता, कारण थंडीचे दिवस होते.

मार्च संपता संपता एका सकाळी कौमुदी ऑफिसला निघाली, तेव्हा कन्नियम्मा गाडीला टेकून खाली बसली होती. डोक्यावर बांधलेली छत्री कलंडलेली. इस्त्री आडवी पडून कौमुदीच्याच करड्या साडीवर तळहाताएवढा तपकिरी डाग उमटलेला. कौमुदीने आधी इस्त्री उचलून बाजूला ठेवली, मग कन्नियम्माला. पर्समधली पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली.

"साडी जळाली अम्मा," कन्नियम्मा डोळे मिटूनच म्हणाली.

"साडीचं मरू दे. चक्कर आली?"

"डोळ्यांसमोर पिवळं पिवळं झालं. आता बरं आहे."

"डॉक्टरकडे चल."

"डॉक्टर काय करणार? तो उन्हात येऊन उभा राहणार आहे का?"

दोघी तामिळमध्येच बोलत. कौमुदीचं तामिळ व्याकरणाने बिनचूक आणि हेलाने पक्कं मिरजेचं होतं. त्या दिवशी ती सव्वातास उशिरा ऑफिसला पोचली, आणि जाताना लोकलमध्ये बसून तिने मनाशी ठरवलं की पुढच्या रविवारच्या आत त्या बाईच्या डोक्यावर छप्पर आलं पाहिजे. आठ दिवसांचा हिशेब. पुढे जे झालं त्याला अडीच महिने लागले.

संध्याकाळी ती तळमजल्यावर सत्यनारायण रावांकडे गेली. राव सोसायटीचे सेक्रेटरी. घराणं तंजावरचं मराठी, तीन शतकांपूर्वी तिकडे गेलेलं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात नोकरी संपली होती. कौमुदी राहायला आली तेव्हा आपल्या भाषेचं माणूस मिळालं म्हणून दोघांनाही केवढा आनंद झाला होता. तो आठवडाभर टिकला. रावांची मराठी जुन्या कागदपत्रातून उठून आल्यासारखी, त्यात तामिळ शब्द आणि तामिळ चाल. कौमुदीची मराठी रावांना वर्तमानपत्रासारखी वाटे. शेवटी महत्त्वाचं काही बोलायचं झालं की दोघं इंग्रजीत बोलत आणि भांडायचं झालं की आपापल्या मराठीत.

"छप्पर बांधूं," राव शांतपणे म्हणाले. "पण उगेंच बांधतां नये. आधी प्लान काढूं."

"राव, चार खांब आणि वर काहीतरी. प्लान कशाला?"

"खांब किती उंच? उतार कुठे? वारा कुठून? अस्की देखलं पाहिजे."

'अस्की' म्हणजे सगळं, हे कौमुदीला एव्हाना कळत होतं. रावांनी सगळं पाहिलं. पाच दिवस पाहिलं. सोसायटीची सभा बोलावली. बारापैकी सात घरं आली. एकाचं म्हणणं पडलं की छपरामुळे इमारतीचा दर्शनी भाग खराब दिसेल. दुसरा म्हणाला, झाड सरकारी होतं तेव्हा सावलीही सरकारनेच द्यायला हवी. तिसऱ्या बाईंनी विचारलं की कन्नियम्माने गिऱ्हाइकांच्या घरी येऊन इस्त्री केली तर नाही का चालणार, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "पण आमच्याकडे जागा नाही." सभेत ठराव झाला की सोसायटीची हरकत नाही, खर्च मात्र होऊ नये. म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. कौमुदी जिना चढताना एकेका पायरीवर एकेकाला मनातल्या मनात नावं ठेवत वर गेली.

मग तिने ठरवलं की सगळं टाकाऊतूनच करायचं. तेहतीस वर्षं भंगाराचे कागद रंगवले होते. किती मिलिमीटर जाडीचा पत्रा, कुठल्या लोखंडाला काय म्हणतात, सगळं तिला तोंडपाठ होतं. हात मात्र कधी लावला नव्हता. इमारतीच्या गच्चीवर जुन्या सोलर हीटरचा गंजका सांगाडा पडून होता, त्याचे लोखंडी अँगल खांबांना चालणार होते. पलीकडच्या गल्लीत जुनं घर पाडत होते, तिथल्या मुकादमाकडून एक दार आणि विटांचा चुरा मिळाला. रस्त्यात खणायला परवानगी नव्हती आणि ती मागत बसली असती तर पुढचा उन्हाळा उजाडला असता, म्हणून खांब रंगाच्या रिकाम्या डब्यांत उभे करून डब्यांत काँक्रीट भरायचं ठरलं. ही कल्पना रावांची, आणि ती चांगली होती, हे कौमुदीने कबूल केलं. हे काही ती सहसा करत नसे.

घोडं अडलं ते छताच्या चौकटीशी. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, मजबूत पण फार जड नको. रावांनी कागदावर ती फार सुंदर काढली होती. तशी चौकट मिळेना. कौमुदी भंगारवाल्यांकडे हिंडली, वेल्डरला विचारलं, नाही नाही म्हणता पंधरा दिवस गेले. एका रविवारी दाराआड ठेवलेली केरसुणी घ्यायला गेली आणि तिचा कोपर तिथे उभ्या करून ठेवलेल्या लोखंडी खाटेवर आपटला. आईची खाट. सहा वर्षं आई त्या खाटेवर होती. ती गेल्यावर कौमुदीने गादी देऊन टाकली, खाट मात्र भिंतीला उभी केली. कुणी विचारलं तर म्हणायची, "बघू, कुणाला लागली तर." कुणीकुणी मागितलीही होती. दिली नव्हती.

ती कोपर चोळत बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग टेप आणून खाट मोजली. सहा फूट, तीन फूट. पट्ट्या जागच्या जागी.

मिरजेला धाकट्या बहिणीला, विद्युलताला फोन लावला.

"आईची खाट देते आहे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"इस्त्रीवालीला. म्हणजे तिला नाही, तिच्या डोक्यावर."

"ताई, तुझं काही कळत नाही बाई. एवढ्या मोठ्या शहरात एका बाईच्या डोक्यावर ऊन पडतं, त्याचं तुलाच का एवढं?"

"कारण मी रोज तिच्यासमोरून जाते."

"मग दुसऱ्या रस्त्याने जा."

"दुसऱ्या रस्त्यावर खणून ठेवलंय," कौमुदीने सांगितलं आणि फोन ठेवला.

वेल्डर तीन वेळा 'आत्ता येतो' म्हणून न आल्यावर चौथ्या वेळी आला. खाट उलटी करून खांबांवर चढवली. वर घालायला सोसायटीच्या खोलीतला एक जाड फ्लेक्स मिळाला, कुणाच्या तरी बाळाच्या कान टोचण्याच्या समारंभाचा. बाळाचा भला मोठा रडवेला चेहरा आतल्या बाजूला आला, कारण बाहेरच्या बाजूला आला असता तर इमारतीचा दर्शनी भाग आणखी बिघडला असता. पाडलेल्या घराचं दार रावांच्या नकाशाप्रमाणे भिंतीच्या बाजूला आडोसा म्हणून उभं केलं. शनिवारी संध्याकाळी काम पुरं झालं. रावांनी फोटो काढला. त्यांच्या बायकोने, विशालाक्षीबाईंनी, सगळ्यांना कॉफी दिली. कन्नियम्मा दोन दिवस नातेवाइकांकडे कार्याला गेली होती. सोमवारी तिला चकित करायचं, असं सगळ्यांचं मत होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता कौमुदी मुद्दाम खाली उतरली. कन्नियम्मा छपराखाली उभी होती आणि उगवतीचं सरळ ऊन तिच्या तोंडावर येत होतं. डोळे बारीक करून ती इस्त्रीत कोळसे भरत होती.

"कसं वाटतंय?" कौमुदीने विचारलं.

कन्नियम्मा पंख्याने निखाऱ्यांना वारा घालू लागली. एक ठिणगी उडाली आणि वर गेली. बाळाच्या गालाला छोटं काळं भोक पडलं. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. दोघींनी वर पाहिलं. दुसरी ठिणगी बाळाच्या नाकाजवळ चिकटली.

"अम्मा," कन्नियम्मा म्हणाली, "हे कुणी सांगितलं बांधायला?"

कौमुदीच्या कानशिलात रक्त चढलं. "कुणी सांगितलं म्हणजे? तुझ्यासाठी बांधलं. पाच रविवार घालवले माझे."

"मी सात ते एक काम करते. तेव्हा ऊन समोरून येतं, रस्त्याकडून. तुम्ही दार मागे लावलंय. मागे तर भिंत आहे. दुपारी ऊन मागून येतं तेव्हा तुमच्या इमारतीचीच सावली असते. आणि कोळशावर प्लास्टिक? उद्या गाडी पेटली तर लोकांचे कपडे कुणी भरून द्यायचे?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं?"

महिनाभर कौमुदी त्याच बाईच्या समोरून रोज जात होती. चौकट वेल्डरला विचारली, उंची रावांना, दाराचं माप मुकादमाला. ज्या बाईला उभं राहायचं होतं तिला नाही. फाईलवर 'चर्चा करावी' असं लिहिणारे साहेब तिला आठवले आणि ते फारच नकोसं झालं. ती तणतणत रावांच्या दाराशी गेली.

"राव, तुम्ही ऊन कधी पाहिलंत?"

"संध्याकाळी. चार वाजतां. निजून उठल्यावर, व्हरांड्यांतून."

"ती एक वाजता घरी जाते, राव."

राव चष्मा पुसत राहिले. मग इंग्रजीत म्हणाले की नकाशात तशी चूक नाही, फक्त वेळ चुकली.

कौमुदीने त्या आठवड्यात छपराचं नाव काढलं नाही. ऑफिसला जाताना मान दुसरीकडे वळवून जायची. पण काम अर्धवट उभं होतं, आणि ते तिच्या हातचं होतं. हे तिला सोसवेना. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली आली, गाडीच्या बाजूला बसली आणि म्हणाली, "सांग आता. तुला काय पाहिजे?"

कन्नियम्माने सांगितलं. सांगायला बसली ती थांबेचना. छप्पर रस्त्याच्या बाजूला खाली आणि भिंतीच्या बाजूला उंच हवं, म्हणजे धूर मागून वर जाईल. समोर गोणपाटाचा पडदा, गुंडाळता येणारा, सात वाजता पूर्ण सोडलेला, नऊला अर्धा, अकराला वर. फ्लेक्स नको, पत्रा. पत्रा तापतो, म्हणून त्यावर गोणपाट, त्यावर सकाळी एक बादली पाणी. दार नकोच. दाराची फळी गाडीशेजारी आडवी टाकली तर घड्या ठेवायला होईल.

"हे सगळं तुला आधीपासून माहीत होतं?"

"वीस वर्षं इथे उभी आहे अम्मा. आणखी काय माहीत असणार?"

पत्र्याचा प्रश्न उरला. वेल्डर म्हणाला, जुनं लोखंडी कपाट मिळालं तर उत्तम, त्याचा पत्रा जाड असतो. तसं कपाट रावांच्या व्हरांड्यात होतं. डिसेंबरात तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा ते दोन दिवस पाण्यात होतं. दारं गंजून जाम झाली होती. राव म्हणत, "दुरुस्त करूं." विशालाक्षीबाईंना पाच महिने त्या कपाटाला वळसा घालून तुळशीला पाणी घालावं लागत होतं. राव एका सकाळी पेन्शनच्या कामाला बँकेत गेले. ते कोपऱ्यावर वळताच विशालाक्षीबाईंनी वर तोंड करून हाक मारली.

"कौमुदीबाई, माणसांना बोलावा. लवकर."

"रावांना विचारलंत?"

"विचारलं तर ते प्लान काढतील," बाई म्हणाल्या. इतकं स्वच्छ वाक्य कौमुदीने त्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

राव परत आले तोवर कपाटाच्या दोन बाजू आणि पाठ कापून खाटेवर बसवल्या होत्या आणि वेल्डर शेवटचे बोल्ट आवळत होता. राव रस्त्यात उभे राहून बघत राहिले. हिरव्या रंगाचा तो पत्रा त्यांच्या लग्नातल्या कपाटाचा होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. कौमुदीला वाटलं, आता भांडण होणार, आणि तिने मनात आपली मराठी तयार ठेवली.

राव पुढे आले. पत्र्याच्या कडेवरून हात फिरवला. "उतार थोडा कमी आहे," ते म्हणाले. "पावसांत पाणी थांबेल." आणि वेल्डरला मागचे दोन खांब चार बोटं उचलायला लावले.

उतार खरोखरच कमी होता, हे जूनच्या पहिल्या सरीत सिद्ध झालं असतं. चार बोटं उचलल्यामुळे नाही झालं.

मे महिना उलटला तसा वॉर्ड ऑफिसातला एक माणूस वही घेऊन आला. फूटपाथवर काही बांधता येत नाही, म्हणाला. कौमुदी ऑफिसला निघाली होती. तिने पर्स खांद्यावर सावरली.

"बांधलेलं नाही. ठेवलेलं आहे. एक इंचही खणलेलं नाही. डबे बघा."

त्याने डबे बघितले. एक हलवायचा प्रयत्न केला. हलला नाही.

"हलत नाही."

"एकट्याने नाही हलणार. दोघं लागतात."

"लोकांनी चालायचं कुठून?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. कौमुदीला राग येऊनही तो नाकारता येईना. कन्नियम्मा, तिकडून चाललेला वेल्डर, राव आणि ती स्वतः, अशा चौघांनी मिळून छप्पर दोन फूट भिंतीकडे सरकवलं. एका डब्याचा कान तुटला. राव "सावकाश, सावकाश" म्हणत उचलायच्या ऐवजी डब्याला नुसता हात लावून होते, हे तिला दिसलं आणि तिने ते बोलून दाखवलं. वॉर्डाच्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं, बाजूला उभा राहिला, आणि जाण्याआधी कन्नियम्माला विचारलं, शर्ट किती वेळात होईल. अंगातला काढून द्यायचा तर घालायला दुसरा नव्हता, म्हणून तो पुढच्या आठवड्यात तीन शर्ट घेऊन आला.

छप्पर उभं राहिलं तसं ते सगळ्यांचं झालं. जेवण पोचवणारी पोरं मोबाईल बघत तिथे थांबत. एक तांबडी कुत्री दुपारी येऊन फळीखाली झोपे. रिक्षावाले गोणपाटाच्या पाण्याखाली डोकं धरत. कौमुदीला यातलं काहीच पटत नव्हतं. "हे काय धर्मशाळा आहे?" ती म्हणायची. कन्नियम्मा इस्त्री फिरवत म्हणायची, "झाड होतं तेव्हा हेच सगळे बसत होते. तुम्ही तेव्हा बघत नव्हता."

ऑगस्टमध्ये कन्नियम्माने सांगितलं की तिच्या मुलीचं बाळंतपण आहे, जावई श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात पाळीवर असतो, घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा ती चाळीस दिवस जाणार.

"चाळीस दिवस? आणि इस्त्री?"

"तुम्ही इतकी वर्षं ऑफिसला जाता अम्मा, घरी इस्त्री नाही?"

"माझ्या इस्त्रीचं नाही विचारत मी. याचं काय?" कौमुदीने छपराकडे बोट केलं.

"तुम्ही आहात ना."

म्हणजे ही ब्याद पुन्हा गळ्यात आली. गाडी कन्नियम्माच्या भावाने नेली आणि मोकळी जागा बघून तिसऱ्याच दिवशी शहाळ्यांचा ढीग आला. कौमुदीने शहाळेवाल्याला सांगितलं, ही जागा दिलेली आहे. तो म्हणाला, ज्याला दिली तो कुठे आहे? पाचव्या दिवशी कुणीतरी झाकण घातलेली मोटारसायकल आणून लावली आणि दिसेनासा झाला. आठव्या दिवशी निवडणुकीच्या पत्रकांनी खांब भरले. कौमुदीची नोव्हेंबरात निवृत्ती होती आणि रजा भरपूर साठलेली होती. तिने रोज सकाळी दोन तास उशिरा जाण्याची परवानगी काढली. साहेबांनी कारण विचारलं. "घरगुती," तिने लिहिलं.

मग ती खुर्ची घेऊन रोज सात वाजता छपराखाली बसू लागली. आधी नुसती राखण म्हणून. मग चहाचा थर्मास आला, वर्तमानपत्र आलं. पडदा नऊला अर्धा करायचा, हे तिला पाठ झालं. बादलीभर पाणी वर टाकायला स्टूल लागायचं, ते तिने आणून ठेवलं. पत्र्याखाली बसलं की डोक्यावर खाटेच्या पट्ट्या दिसत. एका पट्टीला आईने कधीतरी बांधलेली पांढरी नाडी अजून तशीच होती, औषधाची पिशवी अडकवायची. कौमुदीने ती सोडवायला हात वर केला. गाठ घट्ट होती. तिने तिथे आपला चष्म्याचा डबा अडकवला.

विद्युलताने फोनवर विचारलं, "अजून तिथेच बसतेस?"

"मग काय करू? लोकांना लाज नाही. उठले की येतात."

"ताई, तुला तिथे बसायला आवडतं का?"

"मुळीच नाही," कौमुदी म्हणाली. "ठेव आता. पडदा वर करायची वेळ झाली."

चाळीसचे बावन्न दिवस झाले. कन्नियम्मा सप्टेंबरच्या शेवटी आली, नातीचं नाव ठेवून, थोडी वाळलेली आणि फार खूश. भावाने गाडी ओढत आणली. ती छपराखाली उभी राहिली, चौफेर नजर फिरवली आणि तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"हे स्टूल कुणाचं?"

"माझं. पाणी टाकायला."

"खुर्ची?"

"माझी."

"फळी कुणी हलवली? घड्या ठेवायला मला उजवीकडे लागते. आणि पडद्याची दोरी ही अशी कशी बांधली? सोडताना हाताला काचेल." तिने वर पाहिलं. "चष्मा इथे टांगतात का अम्मा? धूर लागून काळा होईल."

कौमुदीने बावन्न दिवसांत किती शहाळी हटवली, किती पत्रकं खरवडली, पोलीस चौकीत जाऊन मोटारसायकल कशी उचलायला लावली, हे सगळं सांगायला तोंड उघडलं. कन्नियम्मा तोवर गाडी आत घेत होती आणि गाडीचं चाक खुर्चीला अडलं होतं.

"खुर्ची काढा अम्मा."

"खुर्ची राहील," कौमुदी म्हणाली. "नोव्हेंबरनंतर मला सकाळी काही काम नाही."

"मग मी कुठे उभी राहू? भिंतीत?"

व्हरांड्यातून रावांचा आवाज आला की जागेचं नीट माप काढलं तर दोन्ही बसेल, ते कागद घेऊन येतात. "नको," दोघी एकदमच म्हणाल्या, एक मराठीत आणि एक तामिळमध्ये.

मग कन्नियम्माने पदर खोचला आणि एका डब्याला हात घातला. कौमुदीने पर्स खुर्चीत टाकली आणि दुसऱ्या बाजूने धरलं. छप्पर कोपऱ्याकोपऱ्याने अर्धा फूट सरकलं, आणि कन्नियम्मा म्हणाली की आता दुसऱ्या अंगाला जास्त गेलं, परत थोडं इकडे घ्या.